पाच पौंडांच्या भागावर उभा राहिलेला क्लब

आखातात नोकरीला असलेला रत्नागिरी-रायगडकडचा तरुण सुट्टीवर घरी आला की त्याच्या बॅगेतून खजूर, अत्तर आणि ब्लँकेटबरोबर हल्ली एखाद्या अरबी फुटबॉल क्लबचा टी-शर्टही निघतो. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस रोनाल्डोने रियाधच्या नस्र क्लबशी करार केला. तेव्हापासून तर मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलांतही अरबी क्लबांची नावे ऐकू येऊ लागली. या गप्पांचा विषय बहुधा एकच असतो, तो म्हणजे कोणाला किती कोटी मिळाले! व्यापाऱ्याच्या मुलाने आकड्यांत रस घ्यावा, याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पैसा किती हे विचारणाऱ्याने पैसा कोणाचा हेही विचारावे. दुकानाची वही पाहताना आपण जमेची बाजू आधी पाहतो. या क्लबांच्या बाबतीत मात्र खर्चाची बाजू पाहूनच आपले डोळे दिपतात.

म्हणून आज या पानावर आम्ही एका अरबी क्लबची जमेची बाजू मांडणार आहोत. व्यापार-उद्योगाच्या पानावर फुटबॉल कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना विनंती की, त्यांनी थोडा धीर धरावा. ज्या क्लबविषयी आम्ही लिहीत आहोत त्याची कल्पना मांडणारा माणूस आपल्या देशातील सहकारी चळवळीचा जनक होता. क्लबच्या पहिल्या कर्जाला जे तिघे जामीन राहिले त्यांपैकी एकाने पुढे देशाची स्वतःची बँक काढली. तेव्हा हा विषय आमच्या वाचकांच्या गल्ल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

हा क्लब म्हणजे इजिप्तमधील, कैरो शहराचा अल-अहली. 'अहल' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. अहले-वतन, अहलो-अयाल असे आपण म्हणतो. 'अहली' म्हणजे आपल्या लोकांचा, देशी, राष्ट्रीय. या नावाचे क्लब जेद्दा, दुबई आणि दोहा येथेही आहेत. आम्ही लिहीत आहोत ते कैरोच्या क्लबविषयी, वाचकांनी गल्लत करू नये.

परक्यांचे क्लब, आपल्यांना दार बंद

१८८२ साली इंग्रजांनी इजिप्त ताब्यात घेतला. त्याच वर्षी नाईल नदीतील गेझीरा बेटावर इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक मोठा क्लब सुरू झाला. गेझीरा म्हणजे अरबीतील 'जझीरा', म्हणजे बेट. याच शब्दावरून आपल्या मुरुडच्या जंजिऱ्याला नाव मिळाले आहे. त्या क्लबात घोड्यांच्या शर्यती होत, पोलो चाले, हिरवळीवर चहा होई. हे सर्व ज्या देशाच्या जमिनीवर चालत होते त्या देशाच्या माणसाला मात्र तेथे सहसा प्रवेश नव्हता. शिकलेल्या इजिप्शियन तरुणाला संध्याकाळी बसायला, खेळायला, चार गोष्टी बोलायला स्वतःची जागा नव्हती.

१९०५ साली उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब कैरोत निघाला. त्याचे प्रमुख उमर लुत्फी नावाचे वकील होते. १९०६ साली दिनशवाई गावात इंग्रज अधिकाऱ्यांनी कबुतरांची शिकार करण्यावरून झटापट झाली आणि चार गावकऱ्यांना फाशी देण्यात आले. सारा देश संतापाने पेटला. त्या वातावरणात लुत्फी यांना असे वाटले की, तरुणांना भाषणांबरोबर मैदानही हवे. एकत्र येण्याची सवय ही खेळातूनही लागते. २४ एप्रिल १९०७ रोजी कैरोलगतच्या गिझा येथे एका घरी बैठक झाली आणि क्लबची स्थापना झाली.

ते घर कोणाचे होते हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. ते मिचेल इन्स या इंग्रजाचे होते. इजिप्त सरकारच्या अर्थखात्यात ते अधिकारी होते आणि क्लबचे पहिले अध्यक्षही तेच झाले. इंग्रजांच्या अमलाखाली देशी तरुणांचा क्लब काढायचा, आणि त्याचा अध्यक्ष इंग्रज! पण यामागे व्यवहार होता. जागा सरकारकडून मिळवायची होती, परवानग्या हव्या होत्या. ज्याच्या शब्दाने काम होते त्याला पुढे केले आणि वर्षभरात, १९०८ साली, अध्यक्षपद अझीझ इज्जत पाशा या इजिप्शियन गृहस्थाकडे आले. क्लबच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद सअद झगलूल यांना देण्यात आले. १९१९ च्या इंग्रजविरोधी उठावाचे नेते हेच झगलूल. हेतू पक्का असला म्हणजे कचेरीच्या पायऱ्या चढण्यात कमीपणा नाही, हे आमच्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको.

पाच पौंडांचा एक भाग

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जागा मिळाली, पण बांधकामाला पैसा कोठून आणायचा? त्या काळी कैरोत श्रीमंत पाशांची उणीव नव्हती. एखाद्या पाशाच्या दारात जाऊन उभे राहिले असते तर एका दिवसात सारी रक्कम मिळाली असती, आणि क्लबवर त्याच्या नावाची पाटी लागली असती. संस्थापकांनी तसे केले नाही. त्यांनी भागीदारीची कंपनी काढली. एका भागाची किंमत पाच पौंड ठेवली आणि पाच हजार पौंड जमवायचे ठरवले. कंपनीला अरबीत 'शरिका' म्हणतात. आपल्याकडील 'शिरकत' आणि 'शरीक' हे शब्द त्याच मुळाचे. शरीक झालेला माणूस देणगीदारासारखा पैसे देऊन विसरत नाही, तो हिशेब विचारतो.

१९०७ हे वर्ष मात्र वाईट निघाले. त्याच वर्षी इजिप्तच्या शेअर बाजारात मोठी घसरण झाली आणि कितीतरी कंपन्या बुडाल्या. पहिल्या वर्षात पाच हजारांऐवजी ३१६५ पौंडच जमा झाले. काम अर्धवट राहण्याची वेळ आली. तेव्हा हजार पौंडांचे कर्ज काढावे लागले आणि त्याला उमर सुलतान, इद्रीस राघिब आणि तलअत हर्ब हे तिघे जामीन राहिले. क्लबच्या इमारतीचे औपचारिक उद्‌घाटन फेब्रुवारी १९०९ मध्ये झाले आणि १९११ साली फुटबॉलचा संघ तयार झाला.

म्हणजे पहा, ज्या फुटबॉलसाठी आज हा क्लब ओळखला जातो तो फुटबॉल चार वर्षांनी आला. आधी भागधारक, मग जामीन, मग इमारत, मग मैदान आणि शेवटी संघ. आमच्याकडे पुष्कळ वेळा हा क्रम उलटा असतो. आधी उद्‌घाटनाचा मांडव पडतो, पाहुणे येतात, हार-तुरे होतात, आणि पैशाचे काय हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो.

या उमर लुत्फी यांचे दुसरे काम आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. क्लब उभा राहत असतानाच त्यांनी युरोपातील सहकारी पतसंस्थांचा अभ्यास केला. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या कापूस उत्पादक शेतकऱ्याला सोडवण्याचा मार्ग त्यांना सहकारात दिसला. १९१० साली इजिप्तमधील पहिली शेतकी सहकारी संस्था त्यांच्या प्रयत्नाने निघाली आणि १९११ साली त्यांचे निधन झाले. आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. पतपेढी आणि खेळाचा क्लब या दोन गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या यात आम्हाला काही आश्चर्य वाटत नाही. दोहोंच्या मुळाशी एकच विचार होता. थोडे-थोडे सर्वांचे असले की ते कोणा एकाच्या मर्जीवर राहत नाही.

जामीनदाराने काढलेली बँक

तिघा जामीनदारांपैकी तलअत हर्ब यांचे नाव इजिप्तच्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. इजिप्तचा कापूस जगात नावाजलेला, पण त्याच्या खरेदीसाठी कर्ज देणाऱ्या बँका परक्यांच्या, तो वाहून नेणारी जहाजे परक्यांची आणि त्याचे कापड होई ते लँकेशायरला. हर्ब यांनी वर्षानुवर्षे लिहून, बोलून एकच धोशा लावला की, देशाला स्वतःची बँक हवी. अखेर १९२० साली 'बँक मिस्र' निघाली. भांडवल केवळ ऐंशी हजार पौंड, भाग चार पौंडांचा, आणि भागधारक इजिप्शियनच असावेत अशी अट. पाच पौंडांच्या भागाने क्लब उभा राहताना ज्यांनी पाहिला होता त्यांनी चार पौंडांच्या भागाने बँक उभी केली.

या बँकेतून पुढे छापखाना, विमान कंपनी, सिनेमाचा स्टुडिओ असे कितीतरी उद्योग निघाले. १९२७ साली महल्ला शहरात सूतगिरणी आणि कापड गिरणी निघाली, जी पुढे देशातील सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक झाली. मालेगाव-भिवंडीच्या आमच्या यंत्रमागवाल्या बांधवांना हे वाचून बरे वाटेल की, त्या गिरणीच्या कामगारांचाही फुटबॉल क्लब आहे. त्याचे नाव 'ग़ज़्ल अल-महल्ला'. ग़ज़्ल म्हणजे सूतकताई. या सूतवाल्यांच्या संघाने १९७३ साली कैरोच्या दोन्ही बड्या क्लबांना मागे टाकून देशाचे लीग विजेतेपद मिळवले होते.

हर्ब यांची गोष्ट सुखाने संपली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३९ साली महायुद्धाच्या धास्तीने ठेवीदारांनी बँकेतून पैसे काढण्यासाठी रांगा लावल्या. बँकेचा पैसा कारखान्यांत अडकलेला होता. सरकारने मदतीसाठी हात पुढे केला तो अटी घालून, आणि हर्ब यांना बँक सोडावी लागली. लोकांच्या ठेवी लांब मुदतीच्या कामात गुंतवताना हातात रोकड किती ठेवायची, हा धडा त्यांना फार महाग पडला. पण बँक बुडाली नाही. ती आजही आहे.

पाशा गेला, क्लब राहिला

अहली क्लबवरही अशी पाळी आली. १९४६ ते १९६१ अशी पंधरा वर्षे अहमद अब्बूद पाशा क्लबचे अध्यक्ष होते. साखर कारखाने, जहाज वाहतूक असा त्यांचा पसारा होता आणि देशातील सर्वांत श्रीमंत माणसांत त्यांची गणना होई. त्यांच्या काळात क्लबने वैभव पाहिले. इजिप्तची राष्ट्रीय लीग १९४८-४९ साली सुरू झाली. तेव्हापासून १९५९ पर्यंत झालेल्या प्रत्येक लीगचे विजेतेपद, लागोपाठ नऊ वेळा, अहलीनेच जिंकले.

मग काळ बदलला. राष्ट्राध्यक्ष नासिर यांच्या राजवटीत अब्बूद पाशांचे उद्योग सरकारजमा झाले आणि १९६१ साली त्यांचे अध्यक्षपदही संपले. एवढा मोठा आधार गेला. मैदानावर त्याचा परिणाम दिसलाच. १९६२ च्या विजेतेपदानंतर पुढचे लीग विजेतेपद मिळायला १९७५ साल उजाडले. मधल्या काळात १९६७ च्या युद्धामुळे काही वर्षे लीगच बंद होती हे खरे, पण जे हंगाम झाले त्यांत दुसरे क्लब जिंकले.

वाचकहो, तेरा वर्षांचा दुष्काळ म्हणजे काय हे धंद्यातल्या माणसाला कळते. एकाच्या पैशावर चालणारी संस्था अशा वेळी बंद पडते. आपल्या गावागावांत असे किती वाचनालये, किती शिवणवर्ग, किती व्यायामशाळा निघाल्या आणि शेठजी वारले त्या वर्षी कुलूप लागले, हे आम्ही आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अहलीला कुलूप लागले नाही, कारण क्लब अब्बूद पाशांच्या मालकीचा कधीच नव्हता. ते सभासदांचे अध्यक्ष होते. अध्यक्ष गेले तरी सभासद होते, सर्वसाधारण सभा होती, दरसालचा ताळेबंद होता.

उस्ताद आणि शागीर्द

दुष्काळ संपला तो पैसा ओतून नव्हे. १९७३ साली हंगेरीचा एके काळचा प्रख्यात खेळाडू हिदेगकुटी प्रशिक्षक म्हणून आला आणि सात वर्षे टिकला. त्याने क्लबच्याच पोरांना हाताशी धरून संघ बांधला. त्या पिढीतील महमूद अल-खतीब १९८३ साली आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पुढे हाच खतीब २०१७ साली सभासदांच्या मतांनी क्लबचा अध्यक्ष झाला. शागीर्द कारखान्याचा कारभारी व्हावा, तसे हे झाले.

शागीर्द तयार ठेवण्याची किंमत १९८५ साली कळली. तेव्हा सालेह सलीम अध्यक्ष होते. ते स्वतः क्लबचे जुने कप्तान, आणि काही सिनेमांत नायकाचे काम केलेले. प्रशिक्षकाच्या प्रश्नावरून मुख्य संघातील खेळाडू व्यवस्थापनाविरुद्ध गेले. समोर सामना होता तोही कट्टर प्रतिस्पर्धी झमालेक क्लबशी, इजिप्शियन चषकाचा. सलीम यांच्या मंडळाने नामांकित खेळाडूंना बाजूला ठेवले आणि कोवळ्या पोरांचा संघ उतरवला. ती पोरे ३-२ अशी जिंकली.

आम्ही मालकाच्या हट्टाचे कौतुक करतो आहोत असे कोणी समजू नये. कारागिराचे म्हणणे ऐकून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहेच. पण ज्या कारखान्यात एकाच उस्तादाला काम येते त्या कारखान्याचा मालक खरे तर तो उस्तादच असतो. चपला बनवणारा असो, तांब्याची भांडी ठोकणारा असो, की जरीकाम करणारा, पोरांना हात शिकवायला लागणारा वेळ हा आपल्याला खर्च वाटतो. अहलीने तो भांडवल मानला.

कमाईची यादी

एवढे सांगितल्यावर आता यश मोजायला हरकत नाही. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत अहलीने देशाची लीग ४५ वेळा जिंकली आहे. आफ्रिका खंडातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा १९८२ साली प्रथम जिंकली आणि २०२४ पर्यंत ती बारा वेळा जिंकली. इतकी विजेतेपदे त्या खंडात दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे नाहीत. आफ्रिकी फुटबॉल महासंघाने त्याला विसाव्या शतकातील आफ्रिकेचा सर्वोत्तम क्लब ठरवले. त्या निमित्ताने ऑगस्ट २००१ मध्ये स्पेनचा रेआल माद्रिद संघ कैरोत आला आणि एका गोलाने हरून गेला. क्लबांच्या विश्वचषकात २००६, २०२०, २०२१ आणि २०२३ या वर्षांच्या स्पर्धांत अहलीने तिसरा क्रमांक पटकावला. जून २०२५ मध्ये अमेरिकेत ३२ संघांची मोठी स्पर्धा झाली, तिचा उद्‌घाटनाचा सामना मेस्सीच्या मायामी संघाविरुद्ध अहलीच खेळला आणि बरोबरीत सोडवला. गटातून मात्र तो पुढे गेला नाही.

पण आमच्या मते याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. हा केवळ फुटबॉलचा क्लब नाही. व्हॉलीबॉलमध्ये आफ्रिकेतील क्लबांची विजेतेपदे सर्वाधिक वेळा मिळवण्याचा मान पुरुषांत आणि महिलांतही अहलीकडेच आहे. हँडबॉलमध्ये खंडाची विजेतेपदे आहेत. बास्केटबॉलमध्ये २०२३ साली त्याने आफ्रिकेची लीग जिंकली. पोहणे, मैदानी खेळ आणि इतर कितीतरी विभाग आहेत. व्हॉलीबॉल किंवा पोहण्यातून क्लबच्या तिजोरीत फारसे काही येत नाही. फुटबॉलच्या जाहिरातींचा व टेलिव्हिजनचा पैसा आणि सभासदांची वर्गणी यांतून हे विभाग चालतात. ज्या दुकानात एक माल चांगला खपतो त्या दुकानदाराने त्याच्या नफ्यातून चार गरजेच्या वस्तूही ठेवाव्यात, असा हा व्यवहार आहे. क्लब एका मालकाचा असता तर त्याने पहिल्याच मंदीत व्हॉलीबॉल बंद केले असते. येथे सभासदांच्या मुली व्हॉलीबॉल खेळतात, म्हणून ते बंद पडत नाही.

पोर्ट सईदची रात्र

१ फेब्रुवारी २०१२ ची तारीख या क्लबच्या इतिहासात काळ्या शाईने लिहिलेली आहे. पोर्ट सईद शहरात अल-मसरी क्लबविरुद्धचा सामना संपताच जमाव मैदानात घुसला आणि अहलीच्या पाठीराख्यांवर तुटून पडला. बाहेर जाण्याचे दार बंद होते. ७४ माणसे मेली. त्यांत बहुतेक कोवळी पोरे होती, खेळ पाहायला गेलेली. त्या हंगामाची लीग रद्द झाली आणि पुढे कित्येक वर्षे लीगचे सामने बहुतांशी रिकाम्या मैदानांत झाले.

तिकिटाचा पैसा गेला, लीग नाही, खेळाडूंच्या डोळ्यांसमोर मेलेली पोरे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा संघ ट्युनिसला गेला आणि तेथील एस्पेरान्स संघाला त्याच्या घरी हरवून आफ्रिकेचा विजेता झाला. पुढल्या वर्षी पुन्हा झाला. ज्या घरांतील मुले गेली त्या घरांना यामुळे काय मिळाले, असे कोणी विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही. संस्था टिकली एवढेच आम्ही नोंदवतो. आणि हेही नोंदवतो की, गर्दी जमवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मेळा असो, जलसा असो वा सामना, बाहेर पडण्याची दारे आधी मोजावीत.

दोषही पाहू

आम्ही या क्लबची तारीफ करतो आहोत म्हणून त्याचे दोष झाकणार नाही. पहिला दोष असा की, 'आपल्या लोकांचा' म्हणून निघालेल्या या क्लबचे सभासदत्व आज सामान्य कारागिराच्या आवाक्यात नाही. प्रवेश शुल्क इतके वाढले आहे की, लाल टी-शर्ट घालून गळा फोडणारे लाखो आणि मत देणारे त्यांच्या मानाने थोडे, अशी स्थिती आहे. पाच पौंड हेही त्या काळी लहान रक्कम नव्हती, पण बचत करून नोकरदाराला ती जमवता येण्यासारखी होती. आता तसे नाही. ज्या दाराबाहेर उभे राहण्याचा राग येऊन हा क्लब निघाला, तसेच दार त्याने स्वतः बांधले तर नाही ना, हा प्रश्न त्याच्या सभासदांनी विचारला पाहिजे.

दुसरा दोष सरकारशी असलेल्या सलगीचा. राजे गेले, लष्करी अधिकारी आले, सत्ताधाऱ्यांना अहलीचा पाठिंबा नेहमीच हवासा वाटला. १९५६ साली नासिर यांना मानद अध्यक्ष करण्यात आले. एवढ्या मोठ्या लोकप्रिय संस्थेला सत्तेपासून दूर राहणे कठीण असते हे मान्य, पण त्याची किंमत केव्हातरी मोजावी लागते.

तरीही सभासदांचा क्लब आणि विकत घेतलेला क्लब यांतला फरक दोषांच्या बाबतीतही दिसतो. जून २०२३ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने तेथील चार मोठ्या क्लबांचे प्रत्येकी ७५ टक्के भाग घेतले. लगेच बाजार तापला. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्राझीलचा नेमार प्रचंड रक्कम मोजून हिलाल क्लबने आणला. दुखापतीमुळे तो जानेवारी २०२५ पर्यंत अवघे सात सामने खेळला आणि निघून गेला. पैसा तेलाचा होता म्हणून क्लब हलला नाही. सभासदांच्या वर्गणीचा असता तर दुसऱ्याच सभेत कोणीतरी उठून विचारले असते, या सौद्याला मंजुरी कोणी दिली? सौदी क्लबांचा इतिहासही जुना आणि मानाचा आहे, त्यांच्याविषयी आमच्या मनात आकस नाही. पण ज्या संस्थेत असा प्रश्न विचारणारा माणूस उरत नाही ती दुसऱ्याच्या इच्छेवर चालते, मग ती इच्छा कितीही उदार असो.

आपल्या वहीत काय लिहायचे?

आमच्या वाचकांनी कैरोला जाऊन क्लब पाहावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे साधे आहे. तुमच्या गावात कारागिरांची सोसायटी काढायची असेल, मुलांसाठी व्यायामशाळा किंवा मैदान हवे असेल, तर पहिली यादी मोठ्या देणगीदारांची करू नका. भाग पाडा. भाग इतका लहान ठेवा की, हातमागावरचा माणूसही एक घेऊ शकेल. पैसा कमी पडला, आणि तो पडतोच, तर ज्याच्या शब्दाला बाजारात पत आहे अशा दोन-तीन जणांना जामीन म्हणून उभे करा. त्यांचे पैसे घेण्यापेक्षा त्यांची पत घेणे संस्थेच्या हिताचे असते. वर्षातून एकदा सर्वांना बोलावून हिशेब मोठ्याने वाचा, आणि ज्याला समजला नाही त्याला पुन्हा वाचून दाखवा. कार्यकारिणीची निवडणूक मुदतीत घ्या. आणि पुढे संस्था नावारूपाला आली की भागाची किंमत वाढवून दार अरुंद करू नका, कारण ती चूक अहलीसारख्या संस्थेच्या हातूनही झाली आहे.

देणारे हात आमच्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही कमी लेखत नाही. त्यांनी दिलेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारती आजही उपयोगी पडत आहेत. पण ज्यांचे पाच रुपये संस्थेत अडकले आहेत अशी पाचशे माणसे हवीत, कारण शेठजींच्या नंतर संस्थेचे दार उघडायला तीच येतात. येत्या जमातीच्या किंवा सोसायटीच्या सभेत हा विषय कोणीतरी काढावा. सभा संपल्यावर चहाबरोबर नव्हे, विषयपत्रिकेवर लिहून.